काळ्या-पांढऱ्यात पेंटिंग सोपं असतं का?

रंग जुळवायची कटकट नाही म्हणून नवशिक्याने एकाच रंगात सुरुवात करावी का, ते सोपं पडतं का, असं तुम्ही विचारलंय. सोपं अजिबात नाही. रंगीत चित्रात टोन, म्हणजे रंगाचा गडद-फिकेपणा, थोडा चुकला तरी लाल-पिवळं बघणाऱ्याला धरून ठेवतं, इथे चुकला की चूक उघडी पडते.

मी नागपूरचा, तिथल्या महाल भागात आमचं जुनं घर. डिसेंबरात आजी ओसरीत संत्री सोलत बसायची, तिचं चित्र काढायचं ठरवलं, वॉटरकलर आणि फक्त लॅम्प ब्लॅक हा एक काळा रंग. तर हिरवं लुगडं आणि मागे विटांची भिंत, डोळ्यांना किती वेगळे दिसतात, पण करड्यात दोन्ही एकाच टोनचे निघाले आणि आजी भिंतीतच मिसळून गेली. तीन चांगले कागद गेले, मग मोबाईलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट केला तेव्हा कळलं की घोळ कुठे आहे. तिला दाराशी बसवलं, उजेड एका बाजूने घेतला, भिंत मुद्दाम गडद केली, तेव्हा कुठे ती मोकळी झाली. संत्र्यांनी तर घाम काढला. रंग काढून घेतला की त्यात उरतं काय, सालीवरचे बारीक खळगे, देठाकडचा उंचवटा, आणि वर चमकणारा एक ठिपका, तो ठिपका म्हणजे कोरा कागद, चुकून ब्रश फिरला की गेला.

आजीला दाखवलं तर तिने संत्र्यांकडे बघितलंच नाही, हातावर बोट ठेवून म्हणाली, "अंगठा माझाच आहे, असाच वाकडा." रंगीत काढलं असतं तर मी त्या केशरी ढिगातच रमलो असतो, अंगठा मला दिसला नसता. यातून मिळतं ते हे.

आणि मग मोठे काका आले. "काहून गा, रंग संपले का तुझे? काळं-पांढरं तं माणूस गेल्यावर लावतेत." झालं, चित्र हॉलमध्ये लागलं नाही ते नाहीच, आजीला जाऊन चार वर्षं झाली, आजही ते माझ्या खोलीत आहे. तेव्हा गप्प बसलो, पण आता सांगतो, पिकासोने १९३७ साली गेर्निका काळ्या, पांढऱ्या आणि करड्यातच रंगवलं, पावणेआठ मीटर रुंद चित्र, बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या गावाचं, आणि त्यात रंग हवा होता असं कोणी म्हणून दाखवावं. रंग कमी म्हणजे मेहनत कमी असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, घरातला मोठा माणूस असला तरी ऐकू नका.

हां, सुरुवात कुठून ते राहिलंच. आधी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच टोनची पट्टी काढा, ती जमेपर्यंत चित्राला हात लावू नका. लॅम्प ब्लॅक थंड दिसतो, आयव्हरी ब्लॅक जरा उबदार, आणि बर्न्ट अंबर या तपकिरीत अल्ट्रामरीन निळा मिसळून केलेला काळा मला दोन्हींपेक्षा आवडतो. वॉटरकलर वाळल्यावर फिका पडतो तेव्हा ओला असताना एक टोन गडदच ठेवा, अ‍ॅक्रिलिकचं उलटं, तो वाळून गडद होतो. लहान मुलांना मात्र हे करायला लावू नका, त्यांना रंग खेळू द्या. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात मोठा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, दुपारी मारूच नका, पंचेचाळीस डिग्रीत तो अर्ध्या कागदावरच वाळतो आणि मध्येच कडा उमटते, सकाळी सहाला बसा.