कुत्र्यासह पाण्याजवळ घर भाड्याने घेताना

आधी घर नको, प्रवास बघा. ऑफिसच्या वेळेला, गर्दीच्या दिवशी, घर ते ऑफिस एकदा प्रत्यक्ष जाऊन या. नकाशावरची वेळ रविवारी दुपारची असेल तर तिचा उपयोग नाही. जाण्यायेण्याचा वेळ कामाच्या तासांत मिळवला की कुत्रा रोज किती वेळ एकटा राहणार ते कळतं, आणि माझ्या मते घर ठरवायचं ते याच आकड्यावर.

घरमालकाशी बोलताना कुत्र्याचा विषय पहिल्याच फोनवर काढा. लसीकरणाचं कार्ड, नसबंदीचा दाखला, आधीच्या घरमालकाचं पत्र हाताशी ठेवा. "चालेल हो" या तोंडी शब्दावर मुळीच विसंबू नका. परवानगी करारात लिहून घ्या, सोसायटीचे नियमही वाचा.

आता पाण्याचं. तळं किंवा संथ नदी असेल तर काठाशी वाकून नीट बघा. उन्हाळ्यात पाण्यावर हिरव्या रंगाचा तवंग, सांडलेल्या रंगासारखा, दिसला तर ते नील-हरित शेवाळ असू शकतं. असं पाणी प्यायल्यावर किंवा अंगावरचं चाटल्यावर कुत्रा काही तासांतही दगावू शकतो. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार होऊ शकतो. त्याची लस डॉक्टरांना आवर्जून विचारा. समुद्र असेल तर खारं पाणी पिऊ देऊ नका, फिरून आल्यावर पंजे गोड्या पाण्याने धुवा. काही किनाऱ्यांवर ठरावीक मोसमात कुत्र्यांना बंदी असते, तेही आधीच विचारून घ्या.

घरात शिरल्यावर कपाटांच्या मागच्या भिंतींवर हात फिरवा. ओल तिथेच लपलेली असते.