वाचकांचे प्रश्न : बैलांची आगगाडी आणि बारा पस्तीसची दुपार

या महिन्याच्या टपालात ‘पहिला कोण’, ‘सर्वांत मोठे कोणते’ अशा प्रश्नांचीच गर्दी आहे. असा प्रश्न एका ओळीचा असतो. उत्तर मात्र त्या ओळीत न लिहिलेल्या अटीवर अवलंबून असते. म्हणून पुढील उत्तरांत ती अटही सांगितली आहे.

प्रश्न : शाळेच्या प्रश्नमंजूषेत ‘भारतातील पहिली रेल्वे कोणती’ या प्रश्नाला माझ्या नातवाने ‘डभोईची’ असे उत्तर दिले आणि ते चूक ठरले. ते उत्तर मीच त्याला सांगितले होते. माझे काय चुकले? (मांजलपूर, बडोदे)

उत्तर : आजोबांच्या सांगण्यातला एक शब्द नातवापर्यंत पोहोचला नाही, एवढेच. डभोई ते मियागाम हा मार्ग १८६२ साली, खंडेराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत सुरू झाला आणि तो भारतातील पहिला ‘नॅरोगेज’ मार्ग होय. रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट आणि लांबी सुमारे ३२ किलोमीटर. या मार्गाची खरी गंमत अशी की आरंभी डबे ओढण्यासाठी बैल जुंपले जात. आगगाडी होती, पण आग नव्हती. पुढे इंजिने आणली गेली, तरी मूळचे रूळ इतके हलके होते की इंजिनाचा भार त्यांना पेलवेना, आणि अधिक जड रूळ टाकल्यानंतर १८७३ पासून तेथे वाफेची गाडी नियमित धावू लागली. कापसाच्या गासड्या आणि प्रवासी घेऊन रुळांवरून चाललेली बैलजोडी डोळ्यांसमोर आणली, म्हणजे त्या काळी ‘रेल्वे’ या शब्दात केवढे मावत असे ते कळते.

परीक्षकांना अपेक्षित असलेले उत्तर १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या गाडीचे आहे. तिला १४ डबे होते, सुमारे ४०० पाहुणे होते आणि तीन इंजिने जोडलेली होती. परंतु तेही अटीवाचून पुरे नाही, कारण ती पहिली ‘प्रवासी’ गाडी. रुडकीजवळ गंगेच्या कालव्याच्या बांधकामावर माती वाहण्यासाठी १८५१ मध्येच इंजिन चालले होते, आणि मद्रासजवळ रेड हिल्स येथे दगड वाहून नेण्यासाठी १८३७ साली लोहमार्ग टाकला गेला होता. प्रश्न काढणाऱ्याने ‘प्रवासी’ हा शब्द घातला असता, तर आजोबा आणि नातू या दोघांचीही पंचाईत टळली असती.

प्रश्न : सयाजीराव महाराजांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ साली सुरू केले की १९०६ साली? पुस्तकांत दोन्ही सापडतात. (कारेलीबाग, बडोदे)

उत्तर : दोन्ही साले बरोबर आहेत. १८९३ मध्ये बडोदे संस्थानातील अमरेली भागात हा प्रयोग करून पाहण्यात आला. तो अनुभव गाठीशी बांधून १९०६ मध्ये सक्ती साऱ्या संस्थानाला लागू झाली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचे उदाहरण समोर होते, तरीही ते विधेयक पुढच्या वर्षी फेटाळले गेले. ब्रिटिश अमलाखालील प्रदेशात असा पहिला कायदा मुंबई इलाख्यात १९१८ मध्ये, विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने झाला, आणि त्याने नगरपालिकांना सक्ती करण्याची केवळ मुभा दिली. तेव्हा ‘भारतातील पहिला सक्तीचा शिक्षण कायदा १९१८ चा’ असे कोठे वाचनात आले, तर त्यात ‘ब्रिटिश’ हा शब्द गळला आहे असे समजावे.

प्रश्न : मराठीतील पहिली कादंबरी कोणती? (दांडिया बाजार, बडोदे)

उत्तर : हा प्रश्न दरवर्षी येतो. स्वतंत्र कादंबरी म्हणून मान बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ला (१८५७) जातो, तिचा विषय विधवांची दुःस्थिती हा आहे. ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ मात्र रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या ‘मोचनगड’पासून (१८७१) धरतात.

प्रश्न : नर्मदा ही भारतातील सर्वांत लांब पश्चिमवाहिनी नदी, असे शिकवतात. मग सिंधू? (डभोई)

उत्तर : शंका रास्त आहे. सिंधूही अरबी समुद्रालाच मिळते आणि ती नर्मदेपेक्षा पुष्कळ लांब आहे. नर्मदेचा पहिला क्रमांक द्वीपकल्पातील नद्यांपुरता. तिची लांबी १,३१२ किलोमीटर. आपण चांदोदला घाटावर उभे राहता तेव्हा तिचा बहुतेक प्रवास संपलेला असतो.

प्रश्न : दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो म्हणतात, पण गच्चीवर उभे राहिल्यास सावली दिसतेच. असे का? (रावपुरा, बडोदे)

उत्तर : येथे एक नव्हे, दोन अटी आहेत. पहिली घड्याळाची. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरील वेळ दाखवते आणि बडोदे सुमारे ७३.२ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपली मध्यान्ह सरासरी ३७ मिनिटे उशिरा होते. त्यात ऋतूनुसार काही मिनिटांचा फरक पडतो. दुसरी अट दिवसाची. सूर्य अगदी माथ्यावर येणे केवळ कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या पट्ट्यातच घडते. दिल्लीकरांना तो योग कधीच येत नाही. बडोदे २२.३ अंश उत्तरेस, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेस असल्याने आपल्याला तो वर्षातून दोनदा येतो. एकदा ३ जूनच्या आसपास, सूर्य उत्तरेकडे सरकत असताना, आणि पुन्हा ९ जुलैच्या आसपास, तो परतताना.

पडताळा घरच्या घरी घेता येतो. स्टीलचा सरळ कडांचा, साधारण सहा इंच उंचीचा पेला गच्चीवर सपाट जागी पालथा ठेवावा. ३ जूनला घड्याळात बारा वाजले असताना पेल्याच्या पश्चिमेस जवळपास बोटाच्या रुंदीएवढी सावली असेल. ती आखडत जाऊन १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास पेल्याच्या बुडाशी नाहीशी होईल आणि थोड्याच वेळात पूर्वेकडून डोकावू लागेल. जुलैत हीच वेळ १२ वाजून ४२ मिनिटांच्या आसपास येते. परंतु तोपर्यंत आभाळ बहुधा भरलेले असते, म्हणून जूनचा मुहूर्त चुकवू नये.