आयुर्वेदिक गोळ्यांच्या प्रत्येक बॅचची लिव्हर टॉक्सिसिटी तपासतात का?

नाही तपासत. तुम्ही विचारलंय की आई रोज गुळवेलीच्या गोळ्या घेते, कंपनीने "लॅब टेस्टेड" छापलंय, मग लिव्हरची काळजी मिटली का, तर मी अशाच एका कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायला आहे म्हणून सांगतो, त्या छापण्याचा अर्थ वेगळा असतो.

बॅच सोडताना आम्ही जड धातू बघतो (शिसं १० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखात १० भागांच्या आत, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३), अफ्लाटॉक्सिन, जंतू, कीटकनाशकं, झालं. यातलं अफ्लाटॉक्सिन थेट लिव्हरवरच जातं, बुरशी लागलेल्या मालातून येतं, त्यामुळे तेवढा भाग कव्हर होतो म्हणा.

लिव्हरच्या पेशींवर टेस्ट करता येते की, हेप-जी-टू नावाच्या पेशी असतात, त्यांच्यावर अर्क टाकायचा, मग एमटीटी नावाचा पिवळा डाय, पेशी जिवंत असेल तर तो जांभळा होतो. ऐकायला मस्त वाटतं. पण आपला अर्क मुळातच काढ्यासारखा तपकिरी, शिवाय बऱ्याच वनस्पती पेशी नसतानाही त्या डायला जांभळं करतात, म्हणजे पेशी मेल्या तरी रीडिंग छान! आणि काही विषं लिव्हरमधल्या एन्झाइम्सनी फोडल्यावरच विषारी होतात, या पेशींमध्ये ती एन्झाइम्स फारच कमी, मग पकडणार कोण? रिसर्चला ठीक आहे, रोजच्या बॅचला नाही.

माझ्या मते खरी लिव्हर टेस्ट गेटवरच होते, कच्च्या मालाचं पोतं उघडून वनस्पती नक्की तीच आहे का बघतात तेव्हा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हर बिघडलेल्या ६ पेशंटचा रिपोर्ट छापला तेव्हा आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की दुसरीच जात, टिनोस्पोरा क्रिस्पा, घेतली गेली असेल. तिच्या खोडावर चामखिळीसारखे फोड असतात, आपल्या गुळवेलीची साल कागदासारखी सुटते आणि खाली हिरवं दिसतं. पण वाळवून तुकडे केल्यावर नुसत्या डोळ्यांवर कोण विश्वास ठेवणार, मग मायक्रोस्कोप आणि एचपीटीएलसीची प्लेट (तिच्यावर अर्कातले घटक पट्ट्यांसारखे वेगळे होतात), खात्रीच्या नमुन्याशेजारी लावून पट्टे जुळतात का बघायचे. सुरुवातीला मी एकदा पावडर आल्यावर नुसत्या वासावर ओके म्हणालो होतो, साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं, बरोबरच झापलं.

पण सगळं खापर चुकीच्या जातीवर फोडणंही मला पटत नाही. त्या पेशंटांचं चित्र ऑटोइम्यून हेपॅटायटिससारखं (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटते तसं) होतं, म्हणजे माल अस्सल असला तरी एखाद्याच्याच शरीराला तो चालत नाही असं होऊ शकतं आणि ते माझी कुठलीच मशीन सांगणार नाही.

म्हणून आईला थायरॉइड वगैरे ऑटोइम्यून काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू ठेवू नका, आणि चालूच असेल तर एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करून घ्या. लघवी गडद पिवळी, अंगाला खाज, जेवण नको असं काही दिसलं तर गोळ्या त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांकडे, आणि जाताना डबी बरोबर न्या, बॅच नंबर तिच्यावरच असतो.