एकच साहसकथा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणि 'पाथफाइंडर' या पात्रं रंगवत, फासे टाकत खेळायच्या दोन्ही खेळांसाठी काढणं छोट्या प्रकाशकाला परवडतं का?

परवडतं, पण एकाच पुस्तकात दोन्ही खेळांचे राक्षसांच्या ताकदीचे आकडे कोंबू नका. पानं वाढतात, छपाई महागते आणि प्रत्येक वाचकाला निम्मे तक्ते बिनकामाचे. कथा, नकाशे, चित्रं सामाईक ठेवून दोन आवृत्त्या काढा.

खरी मेख चकमकींत आहे. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रावीण्यात, म्हणजे फाशावरच्या आकड्यात मिळवायच्या कौशल्याच्या बोनसमध्ये, पात्राची पातळी थेट मिळवली जाते. डंजन्सच्या पाचव्या आवृत्तीत तो बोनस २० पातळ्यांत जेमतेम +२ वरून +६ वर जातो. म्हणून पाचवीत दुबळ्यांचा जमावही भारी पडतो, तर पाथफाइंडरमध्ये चार पातळ्या वरचा एकटा राक्षस खेळाडूंच्या अख्ख्या टोळीला लोळवू शकतो. नुसते आकडे बदलून भागत नाही; चकमक नव्यानं रचा आणि त्याच नियमांत मुरलेल्यांकडून खेळवून घ्या.

परवान्यांचं सोपं आहे. पाचवीचा एसआरडी ५.१ (इतर प्रकाशकांना वापरता येणारा मूळ नियमांचा संच) जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आहे. ठरलेली श्रेयओळ छापा. पाथफाइंडरच्या सुधारित पुस्तकांना ओआरसी हा खुला परवाना लागू आहे: तुमचे नवे नियम इतरांना खुले होतात, कथाविश्व तुमचंच राहतं. भांडवल बेताचं असेल तर एक आवृत्ती छापा, दुसरी फक्त पीडीएफ.