रात्री साडेनऊचा ओटीपी

प्रश्न : मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत मुख्याध्यापिका आहे. निवृत्तीला चार वर्षं उरली. आमच्याकडे जुने शिक्षक आणि नवे शिक्षण सेवक यांचं अजिबात पटत नाही. जुने म्हणतात, ही मुलं मोठं माणूस आलं तरी खुर्चीवरून उठत नाहीत, मधल्या सुट्टीत मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. नवे तर बोलतच नाहीत. त्यातली एक ओटीपी मागायला मला रात्री साडेनऊला फोन करते, वेळकाळ काही कळत नाही. सगळ्यांना एकत्र सहलीला न्यावं, एखादं व्याख्यान ठेवावं असं मनात आहे. आणखी काय करता येईल?

उत्तर : बाई, सहल राहू द्या, व्याख्यानही राहू द्या. मला त्या साडेनऊच्या फोनबद्दल बोलायचंय. नव्यांना रीत नाही हे दाखवायला तुम्ही तो एका ओळीत सांगितलात आणि पुढे गेलात. शाळा सुटून चार तास झाल्यावर ही मुलगी शाळेचं कोणतं काम करत होती, हे तिला विचारलंत का?

माझा अंदाज सांगते, चुकला तर मला पुन्हा लिहा. ती यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर मुलांची माहिती भरत होती. दिवसा साइट चालत नाही, म्हणून घरची जेवणं उरकून बसली होती. एकेका मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, उंची, वजन, रक्तगट. एकट्या तिच्या वर्गाला इतक्या रात्री जागायची गरज नाही. ‘सरांना जमत नाही, तूच टाक’ हे वाक्य तुमच्या स्टाफरूममध्ये कोण कोण म्हणतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीही म्हणत असाल. पासवर्ड तिच्याकडे आणि ओटीपी तेवढा तुमच्या मोबाइलवर, अशी व्यवस्था आपोआप होत नाही.

ती नाही म्हणू शकत नाही. माध्यमिकच्या शिक्षण सेवकाला महिन्याला १८,००० रुपये मानधन, २०२३ पूर्वी तर ८,०००च होतं. अशी तीन वर्षं काढल्यावर वेतनश्रेणी, तीही काम समाधानकारक ठरलं तर. तो शेरा तुम्ही लिहिणार. शिवाय आधार जुळलं नाही तर ते मूल संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, धरलं जाईल की नाही, ही धाकधूक. पट घटला की पद जातं आणि गदा बहुतेक वेळा सेवाज्येष्ठतेत खालच्यावरच येते. शेजारच्या खुर्चीतले सर १ नोव्हेंबर २००५च्या आधी लागलेले असतील, तर जुन्या पेन्शनचे हक्कदार. त्यांच्या वर्गाचं काम ती रात्री करते आणि सकाळी तेच म्हणतात, पोरगी उठून उभी राहत नाही. मला याचा राग येतो, बाई. तुम्हालाही यायला हवा.

एकच करा. उद्या सूचना वहीत लिहा : प्रत्येक वर्गशिक्षकाने आपल्या वर्गाची ऑनलाइन माहिती शाळेच्या वेळेत स्वतः भरावी. संध्याकाळी सहानंतर कुणालाही ओटीपी मिळणार नाही. साइट बंद पडल्यास मुदतवाढ मुख्याध्यापक मागतील. वही शिपायाकडून फिरवा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.

जमत नाही म्हणणाऱ्या सरांना ती दोन दिवस शेजारी बसून दाखवेल, पण माउस सरांच्या हातात राहील. या बैठकीत तिचाही फायदा आहे. दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, जनरल रजिस्टरला तिसरंच, अशा मुलापाशी ती आठवडाभर अडते. सरांनी त्या मुलाच्या बापालाही शिकवलेलं असतं. सरांचा एक फोन गेला की बाप आधार कार्ड घेऊन शाळेत हजर. ही ओळख कुठल्या पोर्टलवर मिळत नाही, आणि सर ती स्टाफरूममध्ये बसून वाया घालवताहेत.

कुरकुर होईल. निवृत्तीच्या तोंडावर हे काय, असं म्हणत कुणीतरी तुमच्या केबिनमध्ये येईलच. ते ऐकून घ्या, पण सूचना मागे घेऊ नका आणि त्या मुलीला मध्ये ओढू नका. त्याआधी शाळेच्या लॉगिनचा पासवर्ड तिच्याकडून परत घ्या आणि मुख्याध्यापकांची कामं स्वतः करायला शिका. तिच्याकडूनच शिका, शाळेच्या वेळेत, स्टाफरूममध्ये, सगळ्यांच्या देखत.