मी कॅथलिक, तो सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या प्रोटेस्टंट चर्चचा. आम्ही जालन्याचे. लग्नासाठी त्याला कॅथलिक व्हावं लागेल का?

नाही. 1983 च्या कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याप्रमाणे, अशा लग्नाला बिशपची परवानगी लागते, म्हणजे तुमच्यासाठी औरंगाबादच्या. त्याचा बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन फादरांना लवकर भेटा.

खरी गोम मुलांची. मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये व्हावा म्हणून होईल तेवढा प्रयत्न करीन, असं वचन तुम्हाला द्यावं लागतं. त्याला नाही, पण तुम्ही ते दिलंय हे त्याला माहीत असायला हवं. सासूबाईंनाही आत्ताच सांगून टाका, ऐन बाप्तिस्म्याच्या वेळी कळलं तर महाभारत होईल.

मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिक उपासनेत, त्याला कम्युनियन (प्रभुभोजनाचा प्रसाद) सहसा मिळणार नाही, हे बोचतंच. लग्न त्याच्या चर्चमध्ये करायचं असेल तर बिशपकडून वेगळी सूट मागता येते.