पिकअपला मड फ्लॅप कोणते घ्यावेत? ड्रिल न करता बसणारे की बोल्टने पक्के केलेले? घरी बसवता येतात का?

मड फ्लॅप, म्हणजे चाकामागे चिखल-खडे अडवायला टांगतात त्या पट्ट्या, घरी बसवता येतात. पाना, स्क्रू-ड्रायव्हर, जॅक आणि एक मोकळी दुपार एवढं पुरतं. पण मी उत्तर लिहायला बसलो ते तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या ओळीमुळे. तुम्ही लिहिलंय, ‘ओळखीचे एक जण म्हणतात, जाड आणि कडक घे, लांब घे, आरपार बोल्ट मारून टाक, परत बघायला नको.’ हे ओळखीचे गृहस्थ आमचे दाजी तर नव्हेत?

दाजींची पिकअप माल वाहणारी. तिला मागे त्यांनी कडक प्लॅस्टिकचे जाडजूड फ्लॅप लावले, खालच्या कडेला स्टीलची पट्टी, आणि लांबी अशी की हौदा रिकामा असताना जमिनीपासून जेमतेम वीतभर अंतर उरलं. चाकावरच्या कमानीच्या कडेला भोकं पाडली, मोठाले वॉशर घातले आणि बोल्ट असे आवळले की परत काढायची सोय नको. मी तेव्हाच म्हणालो, “दाजी, गाडी रिकामी आहे म्हणून एवढी तरी जागा दिसतेय. माल भरला की स्प्रिंगचे पाटे दबतील, गाडी मागून खाली बसेल.” त्यावर, “तू तुझी चालव, मी माझी चालवतो.” बरं.

पुढे एकदा ओली वाळू भरून बांधकामावर रिव्हर्स घेताना मागचं चाक मातीच्या ढिगाकडे गेलं. फ्लॅपचं खालचं टोक आधी ढिगाला टेकलं, चाकाकडे सरकलं आणि टायरखाली सापडलं. दाजींना वाटलं गाडी नुसती अडतेय, त्यांनी आणखी रेटलं. रबर असतं तर दुमडलं असतं, क्लिप असती तर निसटली असती. इथे फ्लॅप सोडेना, बोल्ट सोडेनात, मग शेवटी पत्र्याने सोडलं. कमानीची कड बोल्टांसकट खाली ओढली गेली, आत वळली आणि टायरला घासायला लागली. पहारीने पत्रा वर उचलून गाडी कशीबशी घरी आणली.

आणि घरी आल्यावर दाजी मला काय दाखवतात? फ्लॅप! “बघ, ओरखडासुद्धा नाही.”

आता सांगा, अशा माणसाशी काय बोलायचं? मड फ्लॅप हा गाडीवर बळी द्यायचा भाग आहे. कुठे अडकला तर आधी त्याने हार मानायची असते. फ्लॅप फाटला तर नवा आणता येतो. फाटलेल्या कमानीला पत्रेकाम, रंगकाम आणि तरीही दोन पावसाळ्यांनी तिथेच गंज.

म्हणून माझं मत सरळ आहे. रोज कच्च्या रस्त्यावर, चिखलात, मालासकट जात असाल तर रबर घ्या, साधारण 4 ते 6 मिमी जाडीचं. वजनाला जड असतं, दिसायला साधं असतं, पण वाकतं आणि परत सरळ होतं. पक्क्या रस्त्यावरच फिरणार असाल तर मॉडेलप्रमाणे साच्यात घडवलेले प्लॅस्टिकचे फ्लॅप चालतात, दिसतातही नेटके. मात्र कडाक्याच्या थंडीत कडक प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि एका ठोकरीत तुकडा पडतो. स्टीलचे चकचकीत फ्लॅप मिरवायला घ्या, कामाला नको.

लांबीबद्दल लोकांचा उगाच समज आहे की जितका खाली तितका चांगला. टायरच्या अगदी तळाशी सुटलेला खडा जमिनीलगतच राहतो, कारण रस्त्याला टेकलेला टायरचा भाग त्या क्षणी रस्त्याच्या मानाने थांबलेला असतो. टायरबरोबर जरा वर येऊन सुटलेला खडा मात्र उंच उडतो, आणि मागून येणारी गाडी आपल्या वेगाने त्याच्यावर जाऊन आदळते. लोक म्हणतात ‘पुढच्या गाडीने दगड फेकला’. तो बऱ्याचदा हवेत असतो, आपणच त्याच्यावर जातो. पुढच्या चाकांनी उडवलेला असाच खडा आपल्याच दाराच्या खालच्या बाजूचा रंग उडवतो, म्हणून नुसते मागचे फ्लॅप लावून पुढचे टाळू नका. अडवायचे खडे हे. त्यासाठी फ्लॅप टायरच्या जितका जवळ, तितका आखूड चालतो. लांब मागे टांगला तर तेवढाच खाली आणावा लागतो. पण फार जवळ आणला तर टायर त्याला पकडतो. पुढच्या बाजूला स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, आणि मागच्या फ्लॅपची लांबी हौद्यात नेहमीचं वजन टाकूनच ठरवा. रिकाम्या गाडीवर घेतलेलं माप म्हणजे दाजींचं माप.

रुंदी टायरपेक्षा कमी नको. तुम्ही रुंद टायर टाकलेत आणि ते कमानीबाहेर डोकावताहेत, तर तयार फ्लॅप अपुरे पडतात. मग सपाट रबर आणून कापून घेणंच बरं. मागे जोड टायर असतील तर दोन्ही झाकले जातील एवढी रुंदी लागते.

आता तुमचा मूळ प्रश्न, ड्रिल की बिनड्रिल. घडवलेले बरेचसे फ्लॅप कमानीच्या आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराचे मूळ स्क्रू काढून, त्याच भोकांत जरा लांब स्क्रू घालून बसतात. आधी हेच करा. एखादं टोक हलत असेल आणि भोक पाडावंच लागलं तर पाडा, गाडी मरत नाही. फक्त कमानीच्या दुमडलेल्या कडेत पाडू नका, पाणी तिथेच साचतं आणि गंज आतून सुरू होतो. भोकाच्या मागे ब्रेकचा पाइप किंवा एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरची वायर नाही ना, हे हात घालून आधी चाचपा. मास्किंग टेप लावा, पंचने खूण करा, बारीक ड्रिलने सुरुवात करा. भोकाची कड घासून प्रायमर आणि रंग लावा, वाळू द्या, मगच स्क्रू. हा वाळू द्यायचा भाग सगळे गाळतात.

मागचं चाक काढलं तर हात मोकळा फिरतो. काढणार असाल तर बाकीच्या चाकांना अडसर लावा आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर आत डोकं घालू नका. पुढे चाक काढायची गरज बहुतेक पडत नाही, स्टेअरिंग वळवलं की जागा होते. सगळे स्क्रू आधी सैल लावा, फ्लॅप सरळ करा, मग आवळा. प्लॅस्टिकवर पूर्ण जोर लावला की भोकाभोवती तडा जातो. थोडे दिवस गाडी चालवली की परत एकदा पाना फिरवा.

फ्लॅपची कड जिथे रंगाला टेकते तिथे पारदर्शक संरक्षक फिल्म लावा. मधे अडकलेली वाळू हादऱ्यांनी रंग घासत राहते, आणि फ्लॅप काढला की खाली पत्रा चमकताना दिसतो. फ्लॅपच्या वर चिखल साठू देऊ नका. गाडी धुताना तिथे पाण्याची धार मारा, नाहीतर गंजापासून वाचवायला लावलेली वस्तूच गंज धरून बसते.

दाजींचा एक आक्षेप खरा आहे, तो मान्य करतो: पातळ रबर वेगात मागे उडतं आणि फडफडतं. त्यावर उपाय जाडीचा. ट्रक-ट्रेलरला खाली वजनाची पट्टी असते ती यासाठीच, पण तिथे फ्लॅप चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडलेल्या मजबूत ब्रॅकेटवर टांगलेला असतो, कमानीच्या पातळ पत्र्यावर नाही. ट्रकवरची पट्टी उचलायची आणि ब्रॅकेट विसरायचं, असं नसतं. दाजींच्या नव्या पिकअपला आता क्लिपवाले रबरी फ्लॅप आहेत. विचारलं तर म्हणतात, गाडीबरोबरच आले.

राहिलेलं एवढंच. गाडी वॉरंटीत असेल तर भोक पाडण्याआधी तिची अट वाचा, कारण पाडलेल्या भोकाशी सुरू झालेला गंज सहसा तुमच्याच खात्यावर येतो. काही ठिकाणी फ्लॅपची रुंदी आणि जमिनीपासूनची उंची नियमात ठरलेली असते, तेही बघा. आणि सायलेन्सरचं तोंड मागच्या फ्लॅपजवळ येत असेल तर त्या बाजूला प्लॅस्टिक नकोच. रबरसुद्धा दोन बोटांच्या अंतरावर ठेवू नका, चांगलं अंतर सोडा, नाहीतर लांब चढावर पूर्ण माल घेऊन गेलात की वास यायला लागेल.